वृत्तछायाचित्र आणि चित्रपट महोत्सवाचा इतिहास : कानचे उदाहरण

फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सव १९४६ पासून भरतो आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो ठाऊक असतो तो वर्तमानपत्रांतील छायाचित्रांमुळे : समुद्रकिनारा, पायऱ्या, लाल गालिचा, तारे-तारका. वास्तविक महोत्सव म्हणजे अंधाऱ्या सभागृहात बसून चित्रपट पाहणे. पण त्या अंधारात छायाचित्रकाराला टिपण्याजोगे फारसे काही नसते. तो बाहेर उभा राहतो, आणि महोत्सवाचा दस्तऐवजही बाहेरचाच तयार होतो. या दस्तऐवजावर इतिहास म्हणून कितपत विसंबावे, हा या पाठाचा प्रश्न आहे.

१९५४ चे उदाहरण घेऊ. त्या वर्षी बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला कानमध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु जगभर गाजले ते वेगळेच छायाचित्र. सिमोन सिल्व्हा या अभिनेत्रीने छायाचित्रकारांच्या घोळक्यासमोर, रॉबर्ट मिचम यांच्या शेजारी उभे राहून अंगावरचे वरचे वस्त्र काढले होते. दोन वर्षांनी 'पथेर पांचाली'ला सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून गौरवण्यात आले. भारतीय चित्रपटाच्या दृष्टीने हा मोठा क्षण; छायाचित्राच्या दृष्टीने मात्र पडद्याकडे पाहणारे काही प्रेक्षक, एवढेच. म्हणजे महत्त्व आणि दृश्यमानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कधी छायाचित्र घटना नोंदवत नाही, घडवते. १९५५ मध्ये महोत्सवासाठी आलेल्या ग्रेस केली यांची मोनॅकोचे राजपुत्र रेनिए यांच्याशी पहिली भेट झाली, ती 'पारी माच' या साप्ताहिकाने छायाचित्रांसाठीच जुळवून आणली होती. पुढच्या वर्षी दोघांचा विवाह झाला.

सर्वांत बोलकी छायाचित्रे १९६८ ची आहेत. त्या मे महिन्यात फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन आणि कामगारांचा संप पेटला होता. अशा वेळी महोत्सव चालू ठेवणे गोदार, त्रुफो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशोभनीय वाटत होते. १८ मे रोजी कार्लोस साउरा यांचा चित्रपट सुरू होऊ नये म्हणून आंदोलकांनी रंगमंचावरचा पडदा घट्ट धरून ठेवला. धरणाऱ्यांत स्वतः साउरा आणि चित्रपटाची नायिका जेराल्डिन चॅप्लिनही होती! दुसऱ्या दिवशी महोत्सव गुंडाळण्यात आला. पुरस्कार दिलेच गेले नाहीत. आता पडद्याला लोंबकळणारी माणसे दाखवणारे छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. ती पडदा उघडत आहेत की मिटून धरत आहेत? आपलाच चित्रपट कोण अडवत आहे? हे चित्र सांगत नाही, त्याखालची फोटोओळ सांगते. गर्दी, धक्काबुक्की, चेहऱ्यावरचा ताण यांची साक्ष छायाचित्र उत्तम देते. हेतूची साक्ष त्याला देता येत नाही.

१९८३ ची घटना याच्या अगदी उलट आहे. अभिनेत्री इझाबेल आजानी यांनी छायाचित्रकारांसाठी ठरलेल्या सत्राला नकार दिला. संध्याकाळी त्या पायऱ्या चढू लागल्या तेव्हा छायाचित्रकारांनी कॅमेरे जमिनीवर ठेवून दिले. छायाचित्रकारांचा हा बहिष्कारही आपल्यापर्यंत पोचतो तो छायाचित्रातूनच. म्हणजे निदान एक कॅमेरा खाली ठेवलेला नव्हता. मला हे चित्र संपूर्ण संग्रहातले सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण एरवी चौकटीबाहेर राहणारा व्यवहार त्यात उघडा पडतो : तारकेला प्रसिद्धी हवी, छायाचित्रकाराला चेहरा हवा, आणि दोघांत अलिखित करार असतो. त्याच महोत्सवात मृणाल सेन यांच्या 'खारिज'ला परीक्षकांचा पुरस्कार मिळाला, हे मात्र यादी वाचूनच कळते.

२०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'ने ग्राँ प्री पटकावला. या वेळी चित्रपट आणि छायाचित्र एकत्र आले : कनी कुसृती, दिव्या प्रभा आणि आपल्या छाया कदम यांची लाल गालिच्यावरची छायाचित्रे देशभर छापली गेली. त्यांतल्या काहींत कनी कुसृती यांच्या हातात कलिंगडाच्या फोडीच्या आकाराची पर्स दिसते. पॅलेस्टाईनच्या पाठिंब्याचे ते चिन्ह ओळखीचे नसेल, तर ती केवळ फॅशनची वस्तू ठरते. विद्यार्थ्यांनी हे छायाचित्र पाहताना फोटोओळ आधी झाकून ठेवावी, आणि काय काय दिसते ते लिहून काढावे.