न ऐकता दिलेली शाबासकी

पुणे-नाशिक महामार्गाने मोशी ओलांडून इंद्रायणीचा पूल पार केला की चिंबळी फाटा लागतो आणि थोडे पुढे कुरुळी. पुलाच्या दक्षिणेला पिंपरी-चिंचवड महापालिका, उत्तरेला खेड तालुका आणि पुणे जिल्हा परिषद. दोन्ही काठांवरच्या सरकारी मराठी शाळांत बालभारतीचेच पुस्तक उघडले जाते; शिक्षकांची आस्थापना मात्र वेगळी, अधिकारी वेगळे, खर्चाची खाती वेगळी. तंत्रज्ञान शाळांमधली अंतरे मिटवते, असे आपण गेली पन्नास वर्षे ऐकत आलो आहोत. या लेखात मला तो दावा तपासायचा आहे, पण यंत्राच्या नव्हे, धड्याच्या अंगाने. दुरून येणारा धडा हाही एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याला निवेदक असतो, संबोधन असते आणि गृहीत धरलेला एक श्रोता असतो. हा श्रोता कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

तो मला पडला २०२० साली. शाळा बंद होत्या, कारखाने हळूहळू पुन्हा सुरू झाले होते आणि मी कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. शेजारच्या खोलीतली मुलगी सहावीत होती. वडील कंत्राटी कामगार. त्यांची पाळी सुरू झाली की घरातला एकुलता एक फोनही त्यांच्याबरोबर कंपनीत जाई. त्यामुळे तिची शाळा रात्री भरे. एके रात्री ती ओट्यावर बसून अपूर्णांकांची चित्रफीत पाहत होती. निवेदिकेने विचारले, "सांगा पाहू, एकतृतीयांश मोठा की एकचतुर्थांश?" आणि ती क्षणभर थांबली. मुलगी मोठ्याने म्हणाली, "एकचतुर्थांश!" फोनमधून आवाज आला, "शाबास! अगदी बरोबर!"

तीनापेक्षा चार मोठे, म्हणून तिचे ते उत्तर. ही चूक कुठल्याही शिक्षकाच्या ओळखीची. मी भाकरीचे आधी तीन आणि मग दुसरीचे चार भाग करून दाखवले. तिला पटले. मग ती म्हणाली, "काका, मग त्या मॅडम बरोबर का म्हणाल्या?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रश्न विचारायचा, थांबायचे आणि काहीही ऐकू न येता शाबासकी द्यायची, ही या वाङ्मयप्रकाराची रूढीच आहे. तिचा गृहीत श्रोता नेहमी बरोबर उत्तर देतो. चुकणाऱ्या मुलासाठी त्या संहितेत जागाच नाही. आणि शाळा तर मुख्यतः चुकणाऱ्या मुलासाठीच असते.

या रूढीची मुळे जुनी आहेत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. हा 'साइट' प्रयोग. सकाळी शाळकरी मुलांसाठी हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगू या भाषांत धडे असत. त्या चारांत मराठी नव्हती. वर्ष संपले आणि उपग्रह मालकाकडे परत गेला. २० सप्टेंबर २००४ रोजी आपला स्वतःचा, केवळ शिक्षणासाठीचा एज्युसॅट अवकाशात गेला. त्याच्या जाळ्यात उलट प्रश्न पाठवता येईल अशी केंद्रे होती, तशीच नुसती ग्रहण करणारीही होती. पुढे २०१७ मध्ये दीक्षा आले आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड उमटले. साधने बदलत गेली. धडा वरून खाली वाहण्याची सवय मात्र टिकून राहिली.

यातले चांगले नाकारण्याचे कारण नाही. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर आलेल्या 'टिलीमिली'ने स्मार्टफोन नसलेल्या घरांचा विचार केला, हे तिचे मोठेपण. पण संकटकाळातली सोय म्हणजे कायमची रचना नव्हे. मेक्सिकोत १९६८ पासून चालत आलेली टेलेसेकुंदारिया ही खेड्यातली दूरचित्रवाणी-शाळा इथे आठवते. तिथे धडा दुरून येतो, पण वर्गात सगळे विषय सांभाळणारा एक शिक्षक असतोच. मुलांचे ऐकून घेणे त्याच्याकडे. पडदा बोलतो आणि माणूस ऐकतो, ही वाटणी मला योग्य वाटते.

आपल्याकडे याहून पुढचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातले आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा क्यूआर कोडची झाली. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली, याचेही कौतुक झाले. मला मात्र त्यांचा 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' हा उपक्रम अधिक मोलाचा वाटतो. त्यात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा वैरी देशांतली मुले एकमेकांशी जोडली गेली. तिथे कुणी नुसता श्रोता नाही. दोन्हीकडून प्रश्न येतात. देशांच्या सीमा अशा ओलांडता येत असतील, तर मोशी आणि कुरुळीचे वर्ग आठवड्यातून एकदा समोरासमोर यायला अडचण पुलाची नाही. ती खात्यांची आहे.

हेच खेड तालुक्याच्या आत पाहा. पूर्वेकडे चाकणचा कारखानी पट्टा. इथल्या वर्गात मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार इथून आलेल्या कामगारांची मुले शेजारी शेजारी बसतात. पश्चिमेला भोरगिरी, भीमाशंकरचा डोंगर आणि लहान वाड्यांच्या शाळा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तर शिक्षक दोन. म्हणजे दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचायला कसे शिकवावे, हे पट्ट्यातल्या शिक्षकाला अनुभवाने कळते. एका खोलीत तीन इयत्ता कशा चालवाव्यात, हे डोंगरातल्या शिक्षकाला. या दोघांची देवाणघेवाण बरोबरीची होईल. तिला उपग्रह लागत नाही. एक पडदा, बरे इंटरनेट आणि वेळापत्रकात राखलेला एक तास लागतो. याच तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ मध्ये जागतिक पुरस्कार मिळवला तो 'विषयमित्र' पद्धतीसाठी. तिथे मुलेच एकमेकांना शिकवतात. हा विषयमित्र दुसऱ्या गावातला का असू नये?

एक धोका सांगायलाच हवा. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा वाड्यावस्त्यांवर भीती पसरली. धडा पडद्यावर पोहोचतोच, मग शाळा कशाला, असे उद्या कुणी म्हणू शकेल. म्हणून माझी कसोटी साधी आहे: योजनेनंतर मुलाजवळचा ऐकणारा माणूस टिकला की गेला? तो जाणार असेल, तर तिला शिक्षणाची वाटणी म्हणू नये. ती काटकसर आहे.

शेजारची मुलगी पुढच्या वर्षी निघून गेली. वडिलांचे कंत्राट संपले आणि कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात गेले. तिचे नाव ऑनलाइन नोंदीत नव्या शाळेकडे वळते झाले असेल. जन्मतारीख, आईचे नाव, इयत्ता, सगळे पोहोचले असेल. तिला अपूर्णांक कुठे अडत होते आणि ते भाकरीवर कसे सुटले, हे पोहोचवायला त्या नोंदीत रकाना नाही. जुन्या शाळेतल्या बाईंना नव्या शाळेतल्या बाईंशी दहा मिनिटे बोलता आले असते, तर ते पोहोचले असते. त्यासाठीचे यंत्र दोघींच्याही हातात होते.