चौथा चतकोर

पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात गेलात, तर लाइनपाशी लावलेला स्किल मॅट्रिक्सचा तक्ता जरा थांबून वाचावा. डावीकडे कामगारांची नावं, वर एकेक काम आणि प्रत्येक चौकटीत चार भाग पाडलेलं वर्तुळ. कारखान्यागणिक पद्धत थोडी बदलते, पण बहुतेक ठिकाणी पहिला चतकोर भरतो तो शिकायला लागल्यावर, दुसरा देखरेखीखाली काम जमल्यावर, तिसरा एकट्याने काम काढता आल्यावर. वीस वर्षं मशीनवर काढलेला, ज्याच्या जॉबला कधी कुणी नाव ठेवलं नाही असा माणूसही तीनवरच थांबलेला दिसू शकतो. चौथा भरायचा तो दुसऱ्याला शिकवता आलं तरच. मुरलेल्या माणसाचा मान राखून त्याला पुढची पायरी दाखवण्याची ही रीत मला फार सुरेख वाटते.

ही पायरी चढायची कशी, याचं शास्त्र १९४० ते १९४५ या काळात अमेरिकेत घडलं. युद्धसामग्रीचे कारखाने एकदम वाढले होते. नव्या हातांना शिकवणारे थोडे होते. ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी उपक्रमाने जाणत्या माणसांनाच शिकवायला शिकवलं. दोन-दोन तासांची पाच सत्रं, गटात दहाएक जण, बस. युद्धानंतर ती पद्धत जपानमध्ये खोल रुजली. आपल्याकडच्या वाहन कारखान्यांत सरावाच्या खोलीला ‘डोजो’ हे जपानी नाव आहे, ते उगाच नाही.

पहिल्याच सत्रातला प्रयोग बघा. विजेच्या होल्डरमध्ये वायरच्या टोकांवर ताण येऊ नये म्हणून आत एक गाठ मारतात. प्रशिक्षक ती कशी मारायची ते नुसतं तोंडाने सांगतो आणि एकाला मारायला लावतो. जमत नाही. मग दुसऱ्याला नुसती करून दाखवतो, तीही समोरासमोर उभं राहून, म्हणजे बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं. त्यालाही जमत नाही. ‘मी त्याला दहादा सांगितलं’ आणि ‘माझं बघून शिक’ या आपल्या दोन्ही लाडक्या सवयी तिथल्या तिथे उघड्या पडतात, आणि त्यासाठी कुणाला एका शब्दाने दुखवावं लागत नाही.

पण खरा कस लागतो तो कामाची फोड करून कागदावर मांडताना. टर्नरचं एक काम घेऊ: फोर जॉ चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, जॉब बांधून, डायल लावून तो सेंटरला आणायचा. कसलेल्या टर्नरकडे बघताना दिसतं ते एवढंच, की चक हाताने फिरला, किल्ली दोन-चारदा वळली, काटा जागच्या जागी थांबला. त्याला म्हणा, आता हे लिहा. तो अडतो. हाताला ठाऊक आहे ते तोंडाशी येत नाही. मग एकेक धागा सुटू लागतो. काटा सर्वांत जास्त कुठे दाखवतो आणि सर्वांत कमी कुठे, ते आधी हेरायचं. दोन्हींत ०.२० मिमीचा फरक असेल तर जॉब सरकवायचा ०.१० मिमीच. आधी समोरचा जबडा किंचित सैल करायचा, मग जास्त दाखवणाऱ्या बाजूचा आवळायचा; क्रम उलटा झाला तर जॉब दोन्हीकडून चिमटला जातो, हलत नाही. आणि किल्ली चकमधून निघाल्याशिवाय हात लिव्हरकडे जाता कामा नये, कारण चक सुरू झाला की ती उडते आणि समोरच्याचा डोळा जातो.

कागदावर सगळंच उतरवायचं नसतं, हा यातला बारकावा. कळीचा मुद्दा म्हणून तेच लिहायचं, ज्याने काम साधतं किंवा बिघडतं, ज्याने इजा होते, किंवा ज्याने हाताला सोपं जातं. वीस वर्षांच्या अनुभवातून ही पाच-सहा वाक्यं वेचण्याची निवड, हीच माझ्या मते जाणत्याची प्रशिक्षक म्हणून पहिली कमाई.

प्रत्यक्ष शिकवताना तेच काम तो तीनदा करून दाखवतो: आधी फक्त पायऱ्या सांगत, मग कळीचे मुद्दे, मग कारणं. नंतर पाळी शिकणाऱ्याची. पहिल्यांदा त्याने न बोलता करायचं, आणि चूक दिसताच तिथेच थांबवायचं, म्हणजे चुकीचं वळण हाताला लागत नाही. पुढच्या खेपांना त्याने करता करता स्वतः सांगायचं. ‘समजलं ना?’ हा प्रश्न इथे लागतच नाही. किल्ली आधी समोरच्या जबड्याला का लावली, हे पोरगं आपल्या तोंडाने सांगतं तेव्हा त्याला समजल्याचं उस्तादाला कळतं. पोराला आलं नाही, तर ते शिकवणाऱ्याकडे लागतं, असा या पद्धतीचा कडक हिशेब आहे.

पुण्याला शिकवण्यावरची ही निष्ठा परकी नाही. सुमंत मुळगावकर प्रमुख असताना टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, इथे ट्रक काढण्याआधी प्रशिक्षण आणि मशीन टूल यांचे विभाग उभे केले. आयटीआयच्या निदेशकांसाठी वर्षभराचा वेगळा अभ्यासक्रम आहे, त्यात ट्रेडच्या जोडीने अध्यापनाची तत्त्वंही शिकावी लागतात. म्हणून ऑडिटच्या आदल्या दिवशी, कुणाला काही न शिकवताच, चौथा चतकोर स्केचपेनने भरून टाकलेला दिसला, की जीव हळहळतो.

शिकवण्याच्या या पद्धतीतल्या शेवटच्या पायरीवरचा एक तपशील तर फारच मोलाचा. पोराला एकट्याने कामाला लावताना अडलं तर कुणाला विचारायचं, त्या माणसाचं नाव सांगून ठेवायचं. नाही तर ते शेजारच्याला विचारतं, आणि शेजारी आपली सवय शिकवतो. पहिल्या दिवसांत प्रशिक्षकाने वरचेवर फेरी मारायची, स्वतःहून विचारायचं, मग फेऱ्या हळूहळू कमी करत न्यायच्या.