प्रबंध आणि त्याची तोंडी परीक्षा

डॉक्टरेटच्या पदवीसाठीं लिहिलेला प्रबंध विद्यापीठास सादर झाला म्हणजे उमेदवाराचें सर्व काम संपलें, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः एक मोठें काम तेव्हां उरलेलें असतें, आणि तें म्हणजे तोंडी परीक्षा. चौपाटीवरील विल्सन कॉलेज व भारतीय विद्या भवन, केळेवाडींतील मुंबई मराठी साहित्य संघ अशा संस्थांमुळें गिरगांव हा विद्याव्यासंगाचा जुना टापू आहे, व तेथें प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आजही आहेत. परीक्षेचा दिवस ठरला कीं या विद्यार्थ्यांची धडपड बहुधा एकाच दिशेनें होते. परीक्षक कोण, त्यांचीं मतें कोणतीं, त्यांस काय रुचेल, याची चौकशी सुरू होते. संभाव्य प्रश्नांचीं उत्तरें पाठ होतात. आणि अडचणीच्या ठिकाणीं ‘आपण म्हणतां तें मान्य आहे’ म्हणून मोकळें व्हावें, असा सल्ला वडीलधारे देतात. ही तयारी चुकीच्या पायावर उभी आहे असें आमचें मत आहे. आणि तें या मुंबईशींच निगडित असलेल्या एका प्रबंधाच्या परीक्षणानें आम्ही सिद्ध करूं इच्छितों. तो प्रबंध म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ होय.

प्रथम त्याची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. हा प्रबंध आंबेडकरांनीं लंडन विद्यापीठाच्या डी. एस्‌सी. पदवीसाठीं ऑक्टोबर १९२२ मध्यें सादर केला. मार्च १९२३ मध्यें तो स्वीकारावा अशी शिफारस झाली नाहीं. एप्रिलमध्यें आंबेडकर मुंबईस परतले. परळास पोयबावडीच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत त्यांचें बिऱ्हाड होतें. पुढें ऑगस्टमध्यें प्रबंध पुन्हा सादर झाला, व नोव्हेंबर १९२३ मध्यें तो स्वीकारला गेला. त्याच वर्षीं तो लंडनमध्यें छापूनही निघाला. ब्रिटिश सरकारच्या धोरणावरील कडक टीकेमुळें तो प्रथम अडला, असें चरित्रकार सांगतात. तें कसेंही असो. छापील ग्रंथ वाचणाऱ्यास त्या टीकेची धार बोथट झालेली दिसत नाहीं, आणि आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

ग्रंथाचीं प्रकरणें सात. पहिल्या पांचांत रुपयाचा इतिहास आहे: दोन धातूंच्या चलनाकडून चांदीच्या चलनाकडे, व चांदी घसरल्यावर सोन्याच्या दिशेनें. १८९३ मध्यें हर्शेल समितीच्या शिफारशीवरून टांकसाळी लोकांस बंद झाल्या. १८९८ च्या फाउलर समितीनें सुवर्णचलनाचा मार्ग दाखविला. प्रत्यक्षांत मात्र देशांत रुपया, लंडनमध्यें सोन्याची गंगाजळी, आणि हुंड्या विकून राखलेला एक शिलिंग चार पेन्सांचा भाव, अशी सुवर्णविनिमय-पद्धति रूढ झाली. केन्स यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत तिचें समर्थन केलें, व ज्या चेंबरलेन आयोगाचे ते सभासद होते त्यानेंही तिच्यावर संमतीची मोहोर उठविली. आंबेडकरांचा आक्षेप या पद्धतीच्या मुळावर आहे. सोन्याशीं भाव टिकला म्हणजे रुपया स्थिर झाला असें नव्हे. त्याची देशांतील क्रयशक्ति टिकली पाहिजे. टांकसाळी बंद झाल्या त्या लोकांस. सरकारास त्या उघड्याच राहिल्या, आणि रुपये किती पाडावे यास मर्यादा उरली नाहीं. हुंडणावळ खालीं गेल्यानें होणारा लाभही राष्ट्राचा नव्हे. तो एका वर्गानें दुसऱ्या वर्गाच्या पदरचा घेतलेला असतो.

या ग्रंथास आंबेडकरांचे गुरु एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि तिच्यासारखी प्रस्तावना आम्हांस क्वचितच आढळली आहे. शिष्याचा या पद्धतीविषयींचा विरोध आपल्याला मान्य नाहीं, आणि त्याच्या बहुतेक युक्तिवादांशींही आपण सहमत नाहीं, असें गुरु स्पष्ट लिहितात. कांहीं ठिकाणीं शिष्याचा घाव वर्मीं बसला आहे, व जेथें तो चुकला असें वाटलें तेथेंही विचारांत ताजेपणा आहे, असेंही ते म्हणतात. शेवटीं व्यवहारापुरता शिष्याचा निष्कर्ष बरोबर असावा, याकडे ते झुकतात. पण कारण निराळें देतात. विनिमय-पद्धतीचा लाभ एवढाच कीं ती स्वस्त पडते. परंतु साधी सुवर्णपद्धति समजणारे कारभारी आधींच थोडे, आणि विनिमय-पद्धति समजणारे तर त्यांहूनही कितीतरी थोडे. म्हणून साधी पद्धतच बरी, असा त्यांचा आशय आहे.

येथें आमच्या न्यायशास्त्राची परिभाषा उपयोगी पडते. अनुमानांत प्रतिज्ञा एक व हेतु दुसरा. कॅनन यांनीं प्रतिज्ञा स्वीकारली, पण हेतु नाकारला व स्वतःचा हेतु पुढें केला. उमेदवारास याहून मोठा मोह कोणता? परीक्षकच आपल्या निष्कर्षास आधार देत असतां, आपला हेतु सोडून त्याचा हेतु पत्करणें सोपें असतें. पण गौतमानें न्यायसूत्रांत जीं बावीस निग्रहस्थानें सांगितलीं, त्यांत वादाच्या मध्येंच हेतु बदलणें, म्हणजे हेत्वंतर, हेंही पराजयाचें स्थान मानलें आहे. आंबेडकरांनीं हेतु बदलला नाहीं. गुरूंच्या कठोर तपासणीमुळें आपण पुष्कळ चुकांपासून वांचलों, असें त्यांनीं कृतज्ञतेनें नमूद केलें. आणि त्याच गुरूंची विरोधी प्रस्तावना ग्रंथाच्या आरंभीं छापली. नम्रता आणि शरणागति यांतील भेद दाखविणारें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

याचा अर्थ ग्रंथ निर्दोष आहे असा नाहीं. परीक्षकाच्या आसनावर बसून आम्हांस दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. पहिला असा कीं, ज्या काळांत रुपयाची क्रयशक्ति घसरली त्याच काळांत सोन्याचीही घसरत होती, हें ग्रंथकारास मान्य आहे. मग सोन्याकडे परत गेल्यानें क्रयशक्ति स्थिर कशी होणार? ग्रंथाच्या धोरणावरून याचें उत्तर देतां येतें. सोन्याचें प्रमाण कोणत्याही सरकारच्या हातीं नसतें, रुपयाचें असतें. म्हणून दोन अनिष्टांत सोनें कमी अनिष्ट. परंतु हें उत्तर तुलनेचें आहे, पूर्ण स्थैर्याचें नव्हे, आणि ग्रंथांत हा भेद असावा तितका ठळक नाहीं. दुसरा प्रश्न हंगामाचा. पीक बाजारांत येतें तेव्हां चलनाची मागणी वाढते. रुपयांची संख्या कायम केली तर ती कशी भागणार? सोन्याची टांकसाळ खुली ठेवावी, हा त्यावरील तोडगा आहे. पण इतिहासास पांच प्रकरणें देणाऱ्या लेखकानें या व्यवहारास दिलेली जागा आम्हांस अपुरी वाटते. असे प्रश्न उमेदवाराच्या मनांत परीक्षकाच्या आधीं आले पाहिजेत.

आंबेडकरांच्या प्रबंधाची आणखी एक तोंडी परीक्षा पुढें झाली, आणि ती आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावी. हिल्टन यंग आयोगापुढें डिसेंबर १९२५ मध्यें त्यांची साक्ष झाली. तत्पूर्वीं दिलेल्या लेखी निवेदनांत त्यांनीं आपली योजना चार कलमांत मांडली होती: टांकसाळी सरकारासही बंद कराव्या, सोन्याच्या नाण्याची टांकसाळ उघडावी, सोन्याचें नाणें व रुपया यांचें प्रमाण कायद्यानें ठरवावें, आणि एकाचें दुसऱ्यांत रूपांतर करून देण्याची जबाबदारी न घेतां दोन्ही नाणीं अमर्याद कायदेशीर चलन मानावीं. प्रबंधाचें सार चार वाक्यांत सांगतां येणें, ही तोंडी परीक्षेची पहिली तयारी होय. १९२६ च्या अहवालांत आयोगानें ही योजना स्वीकारली नाहीं. एक शिलिंग सहा पेन्सांच्या भावानें सोन्याच्या लगडींची पद्धति सुचविली. म्हणून साक्ष व्यर्थ ठरली काय? मुळींच नाहीं. परीक्षकानें मत न स्वीकारणें म्हणजे पराजय नव्हे. स्वतःचें मत स्वतःच मोडणें म्हणजे पराजय.

येथें एका प्रचलित विधानाचा विचार केला पाहिजे. रिझर्व्ह बँकेची कल्पनाच या ग्रंथांतून निघाली, असें अनेकदां म्हटलें जातें. असें विधान प्रबंधांत करणाऱ्यास परीक्षक पुरावा मागेल, आणि मागावाच. १९३५ मध्यें सुरू झालेल्या या बँकेची शिफारस त्याच आयोगानें केली होती. परंतु आंबेडकरांचा भर नवी संस्था उभारण्यावर नसून चलन काढणाऱ्याचा हात बांधण्यावर होता. सरकारी व्यवस्थापन सर्वथा टाळावें. बँकेच्या हातीं धोका कमी, कारण चुकीची झळ चलन काढणाऱ्याच्या स्वतःच्या मालमत्तेस लागते, हा त्यांचा विचार निवेदनांत आहे. एवढें म्हटलें तर तें टिकतें. थोर पुरुषाचा गौरव सैल विधानानें वाढत नाहीं.

आतां तयारीविषयीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें प्रबंध निदान दोन बाह्य परीक्षक तपासतात, व तोंडी परीक्षेस अध्यापक आणि इतर संशोधक विद्यार्थी उपस्थित राहूं शकतात. म्हणजे ही एक लहानशी वादसभाच होय. तेथें उत्तरें पाठ करणाऱ्याची फजिती होते, कारण प्रश्न थोडा फिरला कीं पाठांतर तुटतें. शास्त्रकारांनीं यास अप्रतिभा म्हटलें आहे. त्यापेक्षां आपल्या प्रत्येक प्रकरणाचा पूर्वपक्ष स्वतः लिहून काढावा, आणि तो विरोधकास मान्य होईल इतका सबळ असावा. प्रत्येक मुख्य विधानापुढें त्याचा कागद, त्याची तारीख, व तो कागद मूळ पाहिला कीं नक्कल, हें टिपून ठेवावें. परीक्षकाचा प्रश्न आपल्या शब्दांत प्रथम उच्चारावा. अननुभाषण हें निग्रहस्थान टाळण्याचा हाच उपाय. आपल्यांतील दोष दाखविला असतां ‘अमक्याच्या ग्रंथांतही तो आहे’ असें म्हणूं नये. ती मतानुज्ञा होय. जें सिद्ध झालें, जें संभाव्य आहे आणि जें केवळ तर्क आहे, त्यांच्या सीमा आधींच आंखून घ्याव्या.

याच गिरगांवांत आंग्रेवाडींत राहून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड १९३० ते १९६२ या काळांत प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या पानोपानीं विरुद्ध मताची नोंद, त्याचा आधार आणि मग स्वतःचा निर्णय, असा क्रम दिसतो. त्या प्रत्येक पानावर लेखकानें स्वतःचीच परीक्षा घेतलेली आहे. ज्यानें लिहितांना अशी परीक्षा दिली, त्यास मंडळापुढें नवीन असें थोडेंच उरतें.

परीक्षकास काय रुचेल हें शोधणारा विद्यार्थी पदवी मिळवील. परंतु त्याचा प्रबंध पुढें त्यालाच परका होईल. इतिहासाच्या क्षेत्रांत तर ही हानि एकट्याची नसते, कारण शरणागतींतून आलेलें विधान छापलें जातें, आणि पुढचा संशोधक त्यावर आपली भिंत उभारतो. म्हणून तोंडी परीक्षेची तयारी ही प्रबंधाच्या पहिल्या टिपणापासून सुरू झाली पाहिजे, असें आमचें निश्चित मत आहे.