‘पॅक-मॅन’चीं घरगुती रूपें

एखादी कृति एका माध्यमांतून दुसऱ्यांत नेतांना कांहीं तरी गमवावेंच लागतें, हें भाषांतर आणि रूपांतर यांच्या वादांशीं परिचित असलेल्या आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. काय सोडावें आणि काय प्राणपणानें राखावें, हा विवेक ज्यास साधला तोच खरा रूपांतरकार. ही कसोटी खेळांसही लागू पडते. आणि ती लावून पाहण्यास ‘पॅक-मॅन’इतकें सोयीचें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

जपानांतील नाम्को कंपनीनें १९८० सालीं हा खेळ आर्केडमध्यें, म्हणजे नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या दालनांत, आणला. त्याचा कर्ता तोरू इवातानी. कथानक म्हणावें तर अगदीं साधें. एक पिवळा गोल जीव चक्रव्यूहांतील २४० ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या गिळीत हिंडतो, आणि चार भुतें त्याच्या पाठीस लागतात. मोठी गोळी गिळली कीं थोडा वेळ पारडें फिरतें. भुतें निळीं पडून पळूं लागतात. परंतु खेळाची थोरवी आहे ती भुतांच्या स्वभावांत. तांबडें भूत थेट पाठलाग करतें. गुलाबी भूत खेळाडूच्या चार घरें पुढची जागा हेरून वाट अडवूं पाहतें. आकाशी भूत तांबड्याचें स्थान आणि खेळाडूची चाल, दोन्ही पाहून आपला डाव ठरवितें. नारिंगी भूत दुरून चाल करून येतें, पण आठ घरांच्या आंत येतांच आपल्या कोपऱ्याकडे वळतें. म्हणून येथील भय आंधळें नव्हे. तें वाचतां येतें. शत्रूचा स्वभाव ओळखणाऱ्यास सुटकेची वाट सांपडते, हाच या खेळाचा रस होय.

अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९८२ सालीं हा खेळ ‘अटारी २६००’ या घरगुती कन्सोलवर आणला. १९७७ सालीं निघालेल्या या यंत्राची चालू स्मृति अवघी १२८ बाइट्स, आणि पडद्यावर हलवितां येतील अशा मोठ्या आकृति दोनच. टॉड फ्राय या प्रोग्रामरनें ४ किलोबाइट्सच्या कार्ट्रिजमध्यें सारा खेळ बसविला. भुतें चार आणि आकृति अपुऱ्या, म्हणून तीं पाळीपाळीनें दाखविण्याची युक्ति योजिली गेली. परिणाम असा झाला कीं भुतें एकसारखीं लुकलुकतात, फिकीं पडतात, आणि तांबडें कोणतें व गुलाबी कोणतें हें कळेनासें होतें. ठिपक्यांच्या जागीं आडव्या रेघा आल्या. फळांच्या जागीं एक चौकोनी तुकडा आला. डाव्या-उजव्या बाजूंचीं भुयारें वर-खालीं गेलीं. दोघांनीं आळीपाळीनें खेळण्याची सोय मात्र राखली होती, आणि दोघांच्याही चक्रव्यूहांची नोंद त्याच १२८ बाइट्समध्यें ठेवावयाची होती.

फळें गेलीं, रंग गेला, याचें आम्हांस फारसें दुःख नाहीं. संसार गरिबीचा असला कीं दागिने प्रथम जावयाचेच. पण भुतांची ओळख गेली तेथें खेळाचा प्राणच गेला. शत्रु धड दिसतच नसेल, तर आपलें कोठें चुकलें हें हरलेल्या मुलानें शोधावें तरी कसें? हार न्याय्य वाटली तरच मनुष्य पुन्हा खेळावयास बसतो. या आवृत्तीच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि त्या कन्सोलवर याहून अधिक खपलेला दुसरा खेळ नाहीं. परंतु तो खप बव्हंशीं नांवाचा होता. आर्केडमधील आनंद घरीं येईल या भरंवशानें ज्या कुटुंबांनीं पैसे मोजले, त्यांच्या पदरीं त्या आनंदाची सांवलीच पडली.

यंत्रच दुबळें होतें, असा बचाव कोणी करील. त्यास उत्तर त्याच यंत्रानें दिलें. १९८३ सालीं ‘मिस पॅक-मॅन’ हा भगिनीखेळ अटारी २६०० वरच आला. त्यांत भुतांचे रंग वेगळे ओळखूं येतात, आणि तीं लुकलुकतात तीं मुख्यतः एका ओळींत आल्यावरच. चक्रव्यूह एकाऐवजीं अनेक आहेत, आणि फळें तर हिंडतात! न्यायानें सांगावयाचें तर या खेळास ८ किलोबाइट्स, म्हणजे दुप्पट जागा, मिळाली होती. तेव्हां पहिल्या आवृत्तीच्या दोषाचा मोठा वांटा आम्ही प्रोग्रामरच्या माथीं मारणार नाहीं. परंतु किती जागा द्यावी हें यंत्र ठरवीत नाहीं, माणसें ठरवितात.

१९८४ सालीं खुद्द नाम्कोनें निंटेंडोच्या ‘फॅमिकॉम’साठीं काढलेली आवृत्ति आम्हांस या तिन्हींत सरस वाटते. आर्केडचा पडदा उभा, घरचा आडवा. म्हणून चक्रव्यूह उंचीनें आखूड झाला आणि गुण उजव्या अंगास गेले. मूळचा खेळ मुखोद्गत असणाऱ्यास हा फरक खुपेल. पण चारी भुतें आपापल्या रंगांत व आपापल्या स्वभावासह उभीं आहेत, आणि आरंभींचें संगीतही ओळखीचें आहे. रूपांतरकारानें माप सोडलें, ओळख राखली. विवेक म्हणतात तो हाच.

जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्या आजही निघत असतात, आणि त्यांची पारख बहुधा चित्रांच्या झगझगाटावरून केली जाते. आमची विनंती इतकीच कीं, पारख करणाऱ्यानें एकदां हरून पाहावें. आपण कां हरलों हें त्यास उमगलें, तर मूळ खेळ घरीं पोंचला असें खुशाल समजावें.