समीकरणाबाहेरचा साबण

विज्ञान प्रदर्शनांत बायोडिझेलचा तक्ता आता नवा राहिलेला नाही. डावीकडे तेल व मिथेनॉल, बाणावर सोडियम हायड्रॉक्साइड, उजवीकडे बायोडिझेल व ग्लिसरॉल. खाली बहुधा एक घोषणा असते : ‘तळणीच्या कोणत्याही तेलापासून इंधन!’ समीकरण बरोबर आहे. आमचा आक्षेप आहे तो ‘कोणत्याही’ या शब्दाला.

तळताना पदार्थांतले पाणी व उष्णता यांमुळे तेलाचे काही रेणू फुटतात आणि मेदाम्ले मोकळी होतात. ही आम्ले अल्कलीशी चटकन अभिक्रिया करतात. तयार होतो साबण आणि पाणी. हिशेब करून पाहू. एक किलो तेलात ५ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम मुक्त ओलेइक आम्ल आहे असे धरू. त्याचा रेणुभार २८२, सोडियम हायड्रॉक्साइडचा ४०. म्हणजे सुमारे ७ ग्रॅम अल्कली आम्लातच संपते. आणि किलोभर तेलाला उत्प्रेरक म्हणून आपण घालतो साधारण १० ग्रॅम! उरलेल्या ३ ग्रॅमवर अभिक्रिया रेंगाळते. शिवाय तयार झालेला सुमारे ५४ ग्रॅम साबण इंधन व ग्लिसरॉल यांना नीट वेगळे होऊ देत नाही.

‘उत्प्रेरक खर्च होत नाही’ असे आपण वर्गात शिकवतो. मुख्य अभिक्रियेपुरते ते खरेच आहे. पण अशुद्धींशी होणाऱ्या दुसऱ्या अभिक्रियेत तोच पदार्थ खर्च होतो. हे तक्ता सांगत नाही. मग बरणीत साबणाचा लगदा जमला की विद्यार्थी स्वतःला दोष देतो. वास्तविक त्याची बरणी तक्त्यापेक्षा अधिक खरे बोललेली असते.

अशा आम्लयुक्त तेलावर आधी सल्फ्यूरिक आम्ल हा उत्प्रेरक वापरून मिथेनॉलची प्रक्रिया करतात. त्यात मुक्त मेदाम्लांचेही एस्टर बनते. मग पाणी काढून अल्कलीची पायरी घेतात. तक्त्यात ही पायरी हवी.

आणखी एक सूचना. १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घाला आणि लिटरमागे १ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड असलेल्या द्रावणाने अनुमापन करा. टिकाऊ गुलाबी रंग येईपर्यंत जितके मिलिलिटर लागतील, तितके ग्रॅम अल्कली दर लिटर तेलामागे आम्लात जाणार. अल्कोहोल ज्योतीपासून दूर ठेवावे. पण मिथेनॉलसारखे विष येथे हाताळावे लागत नाही. तक्त्याशेजारी ताज्या व वापरलेल्या तेलाचे हे दोन आकडे मांडले, तर ती घोषणा विद्यार्थी स्वतःच दुरुस्त करतील.