हायडेगर, डॅन्यूब आणि काठावरची छावणी

हायडेगर १९३३ साली नाझी पक्षात गेला. मग त्याच्या विचारांवरचा ‘द इस्टर’ (२००४) हा चित्रपट आपण नांदेड-लातूरकडच्या लोकांनी का बघायचा? १९४२ साली होल्डरलिनच्या डॅन्यूबवरच्या कवितेवर त्यानं व्याख्यानं दिली. बॅरिसन आणि रॉस हे दिग्दर्शक त्याच नदीच्या मुखापासून उगमाकडे जातात. वाटेत माउटहाउझेनची छळछावणी येते. व्याख्यानं चालू होती तेव्हा तीही चालू होती. त्यानं तिचं नाव काढलं नाही. कॅमेरा मात्र तिथं थांबतो. चित्रपट त्याला मोठा मानतो, पण मोकळा सोडत नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीला विरोध केला, तो ती बारकाईनं वाचूनच. हायडेगरला टाळलं, तर जाब कोण विचारणार? म्हणून आपण हा चित्रपट बघायला हवा.