शब्दार्थांची यादी आणि शब्दांची ओळख

पाचवी ते आठवीच्या वर्गांत मूल ज्या वाटेने नवे शब्द शिकते, तिला आपल्याकडे 'शब्दार्थ' असे नाव आहे. पाठाच्या शेवटी डावीकडे कठीण शब्द, उजवीकडे त्याचा सोपा प्रतिशब्द. मुलांनी तो पाठ करावा आणि परीक्षेत लिहून दाखवावा. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे, की खुद्द तिचीच परीक्षा क्वचित होते.

तिचा पहिला दोष हा, की ती प्रतिशब्दालाच अर्थ समजते. 'जल म्हणजे पाणी' हे खरे; परंतु गुरांना पाणी दाखवतात, प्रतिस्पर्ध्याचे पाणी जोखतात, केलेल्या श्रमांवर पाणी पडते; यांपैकी एकाही ठिकाणी 'जल' चालत नाही. राग येतो, तो धरता येतो, गिळता येतो आणि दुसऱ्यावर काढताही येतो. 'राग : क्रोध' एवढेच घोकणाऱ्या मुलाला या चार क्रियांमागील चार मनःस्थिती कशा उमगाव्यात? मोल्सवर्थने आपल्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत अनेक नामांपुढे त्यांच्याशी जुळणारी क्रियापदे नोंदवली आहेत. परभाषी कोशकाराला जे आवश्यक वाटले, ते आपल्या यादीला अनावश्यक वाटावे, हे नवल होय.

दुसरा दोष इंदूर-ग्वाल्हेरकडील शिक्षकांना विशेष जाणवेल. यादी अनोळखी शब्दांची असते. येथे खरा धोका ओळखीच्या शब्दांत आहे. हिंदीत वाढणाऱ्या मराठी मुलाला 'शिक्षा' म्हणजे विद्या, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'संसार' म्हणजे जग आणि 'खाली' म्हणजे रिकामे. 'त्याने तिची चेष्टा केली' हे वाक्य तो न अडखळता वाचतो. किंबहुना अडखळत नाही म्हणूनच चुकतो. हे शब्द कोणत्याही यादीत येत नाहीत, कारण पुस्तक रचणाऱ्याच्या लेखी ते सोपे असतात.

यादी सर्वस्वी टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. 'शिरस्त्राण', 'भाता' यांसारख्या वस्तुवाचक शब्दांना एका ओळीचा अर्थ, जमल्यास चित्र, पुरेसे आहे. वेळ थोडा आणि अभ्यासक्रम मोठा, ही शिक्षकांची अडचणही खोटी नाही. म्हणूनच शब्द कमी घ्यावेत. पाठातले पंधरा घोकण्यापेक्षा पाच घ्यावेत, त्यांची क्रियापदे मुलांकडूनच काढून घ्यावीत आणि वाक्ये त्यांच्या घरच्या बोलण्यातली असावीत. जोडीला हिंदी-मराठी समरूप शब्दांची एक वही वर्गात वर्षभर चालवावी.

ज्या मुलाला 'संसार' या शब्दात चूल, उसनवारी आणि उंबरठा दिसत नाही, त्याला मराठी कथेतील निम्मे दुःख दिसणार नाही. तो मराठी वाचू शकेल. पण वाचणार नाही. महाराष्ट्राबाहेरील मराठीचे भवितव्य ज्यांना चिंतेचे वाटते, त्यांनी आरंभ येथून करावा.